तुरटीचं पाणी

माझा भाऊ भगवंत मास्तर झाला तेव्हापासून कशाचंही कारण सांगितल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. दूध का नासलं, भिंतीला ओल का आली, कोणी विचारलेलं नसलं तरी हा सांगणारच. वऱ्हाड-मध्यप्रांताच्या शाळाखात्यानं त्याला नागपूरहून शास्त्र शिकवून मोताळ्याला पाठवलं, आणि ते सगळं शास्त्र आमच्या स्वयंपाकघरात सांडलं. मी त्याची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून त्याच्याच घरी होते. त्याचं सुरू झालं की मी सूप उचलून अंगणात जाई. मन लावून ऐकणारी एकटी त्याची बायको, मनकर्णा.

मनकर्णाची दोन पोटं अर्ध्यावरच गेली होती. आता तिसऱ्यांदा पाचवा लागला होता. कोणाची ओटी भरायची असली की गावातल्या बाया तिला बोलवायला विसरायच्या. विसरायच्या कसल्या, टाळायच्याच मेल्या. ती पाऊल टाकतानासुद्धा जपून टाकायची.

आषाढात भगवंतानं पोरांना दाखवायला म्हणून नाल्याकाठच्या डबक्यातली बेडकाची अंडी आणली. लोणच्याची काचेची बरणी त्यासाठी माझ्या हातातून काढून घेतली. त्या गढूळ पाण्यात भिजलेल्या सब्जासारखं काहीतरी तरंगत होतं. प्रत्येक गोळ्यात एक काळा दाणा.

"हा दाना आईच्या पोटातून उघडाच निघते," तो मनकर्णाला सांगू लागला. "मंग नळीतून खाली येता येता त्याच्यावर थरावर थर चढतात. साखर अन् प्रथिन, दोन्ही एकमेकाले धरून. आधी पातळ असते. पान्यात पडलं की पानी पिऊन फुगते. वरचा थर बुळबुळीत, किड्याले तोंड घालता येत नाई. आतला घट्ट. अन् त्या थराबिगर नराचं बीजबी दान्यात शिरत नाई."

"म्हंजे आईच पांघरून घालते," मनकर्णा म्हणाली.

"हाव. अन् त्या पांघरुनातूनच आतला जीव श्वास घेते."

त्या दिवशी तिनं बरणी उन्हातून सावलीत किती वेळा हलवली ते देवालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी दाणे लांबट झाले होते. ती हरखून माझ्याकडे आली.

"आक्का, हे निघाले तं माह्यंबी सुखरूप निघंल."

"बेडकाचा नवस करतं का वं कोनी?" मी खेकसले. पण तिचं तोंड इतकं उजळलं होतं की पुढं बोलवेना.

पावसाळ्यात आमच्या विहिरीत नाल्याचा गाळ उतरे. त्यामुळे तुरटी फिरवल्याशिवाय पाणी आमच्या घरात कोणी तोंडाला लावत नसे. पाहुण्याला निवळ पाणी द्यावं, तसं मनकर्णानं त्या पिलांना दिलं. बरणीत तुरटीचा खडा चांगला फिरवला. गाळ खाली बसला, पाणी आरशासारखं झालं. संध्याकाळी पाहिलं तर गोळे पांढुरके होऊन आक्रसले होते आणि आतले जीव वाकडे होऊन पडले होते.

भगवंत रागावला असता तर बरं झालं असतं. तो समजावत बसला. "तुरटी आंबट-तुरट असते. गाळाले जशी धरते तशी या पांघरुनाले धरते. ते आवळते. आतल्याले वाढाले जागा नाई, श्वास नाई. आपल्याच पांघरुनात गुदमरते." जीभ आवरली असती तर काय बिघडलं असतं त्याचं!

मनकर्णा पोटावर हात ठेवून ऐकत होती. "मानसाच्या लेकरालेबी असं पांघरून असते?"

"असते तं. पान्याची पिशवी," म्हणून तो जेवायला बसला.

त्यानंतरही ती रोज आमच्यासाठी माठात तुरटी फिरवायची. श्रावणात तिला हगवण लागली, अंगात ताप भरला. बुलढाण्याहून आणलेल्या डॉक्टरांनी पाण्याचा दोष सांगितला. "या घरात तुरटीबिगर पानी कोनी पेत नाई," मी त्यांच्यावरच उखडले. आम्ही दोघं तर ठणठणीत होतो. सातव्यात तिच्या पोटात कळा आल्या. पोरगा झाला. नखंसुद्धा आलेली होती, पण तो रडला नाही.

धुणीपुसणी करताना कणगीमागं मला एक कळशी सापडली. तळाशी बोटभर गाळ, वर गढूळ पाणी, आणि तोंडावर तिचा पेला पालथा घातलेला. मी ती तशीच भगवंतापुढं नेऊन ठेवली. माझ्याआधी त्यालाच उमगलं.

दिवेलागणीला मनकर्णानं त्याला जवळ बोलावलं. मी दारातच उभी होते.

"अवो, तुम्ही सगळ्याचं कारन सांगता. याचं सांगा. म्या तं तुरटीचा थेंब नाई पेला. पांघरून आवळू नये म्हनून विहिरीचं गढूळच पेत होती. मंग काऊन गेलं?"

भगवंतानं तोंड उघडलं. हा आता सांगतो की काय!

"माहीत नाई," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा.



"मंग माह्यंच पांघरून खोटं असंल," ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

मी ती कळशी उचलून परसात नेऊन ओतली.