मांजरांचं सोवळं

पौषाचं ऊन पंचगंगेच्या काठाकाठानं वर चढलं. तोडणी झालेल्या फडांवरून, पाचटाच्या सुवर्णपिंगट राशींवरून, दवात न्हालेल्या बांधांवरून ते हळूहळू सरकत आलं आणि गावाच्या टोकाला असलेल्या कौलारू घरापाशी थबकलं. हवेत गुऱ्हाळाचा गंध होता. उकळत्या रसाचा, मधुर, जड, आळसावलेला. अशा सकाळी माणसानं अंगणात बसून शेंगा खाव्यात. पण त्या घरात आज कुणाला शेंगा सुचत नव्हत्या.

घर रत्नप्रभाबाईंचं, आणि त्यांच्याहूनही अधिक मांजरांचं. सोप्यात निरोगी मांजरं, परसाकडच्या खोलीत आजारी मांजरं. आजार रक्तातला. माणसाला न होणारा, पण एका मांजराच्या लाळेतून दुसऱ्याच्या रक्तात निःशब्द उतरणारा. जीभ मायेनं फिरते, आणि मायेबरोबर मरणही अंगभर फिरतं. असली मांजरं कुणी दारात उभी करत नाही. रत्नप्रभाबाई करतात. जितके दिवस उरले असतील तितके दिवस ऊब देतात, औषध देतात, आणि ज्या घरात कधी मासळी शिजली नाही त्या घरात मासळी शिजवून देतात.

सासूबाईंच्या सोवळ्याला जन्मभर नाक मुरडलेल्या या बाईनं म्हातारपणी स्वतःचं सोवळं मांडलं होतं. मागच्या खोलीत जायचं तर सासूबाईंचं सोवळं जिच्यावर वाळे, त्याच छताला टांगलेल्या जुन्या वलणीवरून हिरवा गाऊन काठीनं उतरवायचा, अंगात चढवायचा. बाहेर येताना पुन्हा काठीनं वर टाकायचा आणि हात कोपरापर्यंत साबणानं घासायचे. काळ्या काठाच्या थाळ्या आतल्या, पांढऱ्या काठाच्या बाहेरच्या. आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही.

"आमच्या आईचं सोवळं परवडलं," त्र्यंबकराव म्हणत. "तिला निदान साबण लागत नव्हता."

त्र्यंबकराव म्हणजे रत्नप्रभाबाईंचे यजमान. उभा जन्म गुळाच्या अडतीवर गेला होता. मांजरांची नावं ठेवणं एवढंच काय ते त्यांचं या संसारातलं काम, आणि ते त्यांनी मन लावून केलं होतं. सोप्यातला तुंदिलतनू बोका सरपंच. मागच्या खोलीतली क्षीण, पीतवर्णी, मंदनयना मांजरी शेवंती. जिची सगळी पिल्लं याच आजारानं गेली होती. आणि कार्तिकात ऊसतोडीच्या एका बाईनं फडातून उचलून ओच्यातून आणलेलं, तांबूस-काळ्या रंगाचं, मुठीएवढं पिल्लू. काकवी.

काकवीचं रक्त स्वच्छ निघालं होतं. पण तिचा आकांत! आईविना, उबेविना, रात्रंदिवस, अखंड. सोप्यात तिचा आकांत आणि भिंतीपलीकडे शेवंतीचा प्रतिसाद. इकडे हाक, तिकडे ओ. घर त्या दोन स्वरांमध्ये ताणलेल्या तारेसारखं झालं होतं.

एका दुपारी रत्नप्रभाबाई बाजाराला गेल्या. आणि त्र्यंबकरावांना ते रडणं सोसवलं नाही. त्यांनी मागचं दार उघडलं.

बाई परतल्या तेव्हा घर शांत होतं. इतकं शांत, की त्यांच्या हातातली पिशवी तिथंच गळाली. शेवंतीच्या कुशीत काकवी होती. शेवंतीची जीभ चालली होती. कपाळावरून, कानांवरून, मिटल्या पापण्यांवरून, सावकाश, तन्मय, तृप्त. आणि शेजारी पाटावर बसून नवरा कौतुकानं हसत होता.

"अगं, बघ तरी! गप्प झालं की नाही!"

त्या दिवसापासून रत्नप्रभाबाई त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. "सरपंच, चहा झालाय म्हणावं," असं त्या बोक्याला सांगत, आणि त्र्यंबकराव मुकाट्यानं उठून चहा घेत. काकवी माजघरात एकटी ठेवली गेली. ना बाहेरची, ना आतली. मागच्या दाराच्या फटीत चिंधी कोंबली गेली. त्या चिंधीच्या अलीकडे एक इवलासा पंजा रोज खरवडे, आणि पलीकडे एक थकलेला पंजा रोज खरवडे. बाई ते ऐकत. त्या दार उघडत नसत.

कारण रक्त लगेच खरं बोलत नाही. काही आठवडे जावे लागतात. ते आज पुरे झाले होते.

डॉक्टर आसमा मुजावर आली. जनावरांची डॉक्टर, तरुण, चटपटीत, पण आज तीही कमी बोलत होती. काकवीच्या पायातून रक्ताचा थेंब निघाला. पांढऱ्या पट्टीच्या इवल्या खळग्यात पडला. आणि लाल रंग संथपणे पुढं सरकू लागला.

"पहिली रेघ येतेच, काकू," ती म्हणाली. "दुसरी येऊ नये."

पहिली रेघ आली. ठसठशीत, निळी, निर्विकार. तिच्या शेजारची जागा पांढरी राहिली. पण अजून थांबायचं होतं.

ऊन खिडकीतून आत आलं. पट्टीच्या कडेला टेकलं. रत्नप्रभाबाई त्या पांढऱ्या जागेकडे पाहत होत्या. तिथं काही उमटतंय का? ती सावली की रेघ? ती रेघ की आपले डोळे? त्यांचं सगळं आयुष्य त्या नखाएवढ्या पांढऱ्या जागेत येऊन बसलं होतं. मागच्या दाराआड खरवडणं चालू होतं. खर्र. खर्र. आणि त्यांच्या मनात एक विचार आला, ज्याची त्यांना तत्क्षणी लाज वाटली. दुसरी रेघ उमटली, तर ते दार उघडता येईल. शेवंतीला तिचं लेकरू मिळेल. आणि नाही उमटली, तर ते दार कायमचं बंद.

नको, त्या मनात म्हणाल्या. नको, नको, नको. बंदच राहू दे.

दारात त्र्यंबकराव उभे होते. आत यायचं धैर्य नव्हतं, बाहेर जायचंही नव्हतं. एवढा धिप्पाड माणूस, पण आज मुठीएवढा झाला होता.

आसमानं पट्टी उचलली. उन्हात धरली. तिरपी केली. पुन्हा सरळ केली.

"एकच आहे," ती म्हणाली. "काकू, एकच रेघ आहे. पोरगी सुटली!"

रत्नप्रभाबाईंनी काकवीला छातीशी घट्ट धरलं. त्या रडल्या; मोकळेपणानं, पदर न लावता. मग त्या उठल्या, माजघर ओलांडून सोप्यात गेल्या, आणि काकवीला सरपंचापुढं ठेवलं. सरपंचानं हुंगलं, फुरफुरला, आणि मोठ्या मनानं थोडा सरकला. काकवी त्याच्या पोटाशी शिरली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मागच्या दाराआड खरवडणं मात्र चालूच होतं.

रत्नप्रभाबाई परत आल्या तेव्हा त्र्यंबकरावांच्या हातात काठी होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वलणीवरून हिरवा गाऊन उतरवला. बाह्या दंडांवर ताणल्या, कडा गुडघ्यांवर अडकल्या. दुसऱ्या कुठल्या दिवशी रत्नप्रभाबाई हसून हसून बेजार झाल्या असत्या. ते दारापाशी गेले, आणि आत जाण्याआधी क्षणभर थांबले.

"अहो," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

कित्येक आठवड्यांत हा पहिला शब्द. त्र्यंबकरावांनी मान वळवली.

"बाहेर येताना हात कोपरापर्यंत धुवा."

त्यांनी मान हलवली. दार उघडलं, दार लागलं. खरवडणं थांबलं. परसाकडच्या खिडकीतून पौषाचं ऊन आत ओघळलं होतं, आणि त्या उन्हात जमिनीवर एक म्हातारा माणूस हिरव्या गाऊनमध्ये बसला होता. शेवंतीनं त्याच्या मांडीमागं पाहिलं, दाराकडं पाहिलं, पुन्हा त्याच्याकडं पाहिलं. मग ती मांडीवर चढली आणि त्याचा उघडा तळवा चाटू लागली. सावकाश, तन्मय, बोटामागून बोट. त्यानं हात काढला नाही. ऊन भिंतीवर गेलं, भिंतीवरून कौलांवर गेलं, कौलांवरून फडांवर गेलं, आणि ती चाटतच राहिली, आणि तो हात तसाच धरून राहिला.