दिसतात अकरा, काढायचे आठ

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. नाव भारदस्त असलं तरी काम साधं: तुम्हाला जे दिसत नाही, ते मोठं करून दाखवायचं. मित्रांनो, अडचण एवढीच की मी दाखवायला तयार आहे आणि बघायला कुणी नाही. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात मी बसलेला असतो. शेजारी एक फुटकी बरणी आहे. ती अजिबात बोलकी नाही.

माझी भिंगं घासणारा कारागीर महाचिकित्सक. भिंग उजेडात धरायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. पण त्या नाक मुरडण्यामुळेच मला आजही स्वच्छ दिसतं.

इथे आलो तेव्हा माझा थाट काय विचारता! विभागप्रमुख बाईंचा दंडक होता, आधी डोळा लावायचा आणि मग पुस्तक उघडायचं. माझ्यापुढे रांग लागायची. कुणाचं काजळ मला लागायचं, कुणाचा चष्मा माझ्यावर आपटायचा. पानाच्या पापुद्र्यात पहिल्यांदा पेशी दिसल्या की मुली एकमेकींना चिमटे काढायच्या. ते चिमटे मला मिळालेल्या शाबासकीसारखे वाटायचे.

मग बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा भरलीच नाही. तासांवर शिकवणारे एक सर आले. त्यांना एकाच दिवसात तीन कॉलेजं गाठायची असत, त्यामुळे एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात हेल्मेट. माणूस वाईट नव्हता हो. पण प्रॅक्टिकलचा निम्मा वेळ हजेरी आणि कसले कसले तक्ते भरण्यातच जायचा. मला बाहेर काढणार कधी?

त्यावर मुलांनी तोडगा काढला होता. फार पूर्वी पहिल्या आलेल्या एका ताईने जर्नलमध्ये खोडाच्या चकतीची आकृती काढली होती. तिच्यात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचे पुंजके होते आठ, अगदी घड्याळासारखे गोल मांडलेले. ते जर्नल एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जात राहिलं. दरवर्षी सगळ्यांचे आठ, आणि त्याखाली सरांची लाल सही.

वर्षातून एकदा तपासणी समिती यायची. तेव्हा प्रयोगशाळेतले मामा मला पुसून टेबलावर मांडायचे, शेजारी फुलदाणी ठेवायचे. समिती विचारायची, चालतो का? मामा म्हणायचे, एकदम. डोळा कुणीच लावायचं नाही. संध्याकाळी मी परत कपाटात. फुलदाणीला निदान पाणी तरी मिळायचं.

आणि मग ती आली. वर्गातले तिला शंकाबाई म्हणायचे. सगळे जर्नल उतरवत असताना ती मामांच्या मागे लागून मला बाहेर काढायची. मामा म्हणायचे, "काय गं पोरी, आयती आकृती असताना कशाला डोळे फोडतेस?" ती हसायची आणि माझा आरसा खिडकीकडे वळवायची. तिला पुढे एम.एस्सी.ला जायचं होतं आणि त्यासाठी प्रॅक्टिकलचे गुण फार मोलाचे होते.

परीक्षेला अंगणातल्या वेलाच्या खोडाची चकती होती. बाहेरून आलेले परीक्षक घाईत होते. तेवीस वह्या त्यांनी भराभर उलटल्या आणि एकीवर थांबले. बावीस जणांचे आठ आणि हिचेच अकरा पुंजके कसे, असं त्यांनी विचारलं. ती उभी राहिली.

"सर, दिसले तेवढेच काढलेत. तुम्ही मोजून बघा ना."

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "गेली शंकाबाई."

परीक्षकांनी पेन उचललं आणि आमच्या सरांना विचारलं, तुमच्या या वेलात किती असतात? आठ म्हणावं तर तिचं वर्ष बुडणार. अकरा म्हणावं तर त्या बावीस वह्यांचं काय? सरांनी हेल्मेट खाली ठेवलं आणि ते माझ्याजवळ आले. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांची पापणी मला लागली. त्यांनी एकेक पुंजका मोजला.

"अकराच आहेत," ते म्हणाले. "आणि त्या आठवाल्या वह्यांवर सह्या माझ्या आहेत."

परीक्षकांनी स्वतः पाहिलं, मोजलं आणि बावीस जणांना आकृती पुन्हा काढायला लावली. मग माझ्यापुढे अशी रांग लागली म्हणून सांगू! डोळ्यांच्या बावीस जोड्या. धक्काबुक्की झाली, माझा पाय एकाच्या बोटावर पडला, आणि एक जण तर पुटपुटला, "आयला, खरंच आहेत की."

शंकाबाईला तिचे गुण मिळाले. ती पुढे शिकायला गेली. सरांना मात्र पुढच्या वर्षी कॉलेजने बोलावलं नाही. नवीन प्रवेश जेमतेम चार झाले, म्हणून हा विषयच बंद केला. मामांनी खोलीला कुलूप लावलं तेव्हा क्षणभर कपाटावर हात ठेवला. तेवढाच माझा निरोपसमारंभ.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कॉलेजात जाल. तिथे एखाद्या कपाटात माझा कुणी भाऊबंद बसलेला असेल. त्याला पुसलं नाहीत तरी चालेल, फुलदाणी तर मुळीच नको. फक्त उतरवलेली वही उघडण्याआधी त्याला उजेडात न्या आणि एकदा डोळा लावा. आम्हाला अजून दिसतं हो.