मला आता घासू नका

मी एक प्लास्टिकचा तुरा बोलतोय. वीतभर उंच, पोपटी रंगाचा, बुडाला सिमेंटचा गोल खडा बसवलेला. सांगलीतल्या एका घरात माशांच्या काचेच्या टाकीत, डाव्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो. तुला डोळे नाहीत, कान नाहीत, मग एवढं पाहिलंस-ऐकलंस कसं, असं मात्र विचारू नका. आत्मवृत्त सांगणाऱ्याला एवढी मोकळीक असते.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. साचा मिटला, उघडला आणि माझ्यासारखे चाळीस तुरे एकदम बाहेर पडले. सगळे हुबेहूब सारखे. त्यातला एक मी साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका दुकानात येऊन पडलो आणि दीड वर्ष धूळ खात राहिलो. तरी मला माझा फार गर्व होता. मी वाळत नव्हतो, किडत नव्हतो, पाणी मागत नव्हतो. खऱ्या झाडांची मला कीव यायची, आणि खरं झाड तर मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

पंच्याण्णव सालच्या संक्रांतीनंतर जिनदत्त दुकानात आला. एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला साताऱ्याला आला होता. माशांच्या टाकीसमोर उभा राहिला तो राहिलाच. त्याची एसटी गेली. हा माणूस कुपवाडच्या कारखान्यात लेथवर काम करायचा. दिवसभर कानाशी लोखंड किंचाळायचं. "हितं आवाजच न्हाई," एवढंच तो दुकानदाराला म्हणाला आणि टाकी, पंधरा गप्पी मासे आणि मी, सगळं घेऊन निघाला. टाकी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. कंडक्टरनं विचारलं, "बाळ झोपलंय का?" जिनदत्तनं मान डोलावली.

घरी त्याची बायको ब्राह्मी होती, ती शाळेत विज्ञान शिकवायची. आणि आई होती, चंदनबाला. त्यांना सगळे आक्का म्हणत. आक्का म्हणजे जुन्या वळणाच्या जैन बाई. सूर्य मावळला की जेवण नाही. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय प्यायचं नाही, आणि फडक्यात जे बारीक जीव अडकतात ते ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात हलक्या हातानं परत सोडायचे. गावाकडे विहीर होती तेव्हा त्या ते फडकं बादलीत ठेवून पार विहिरीच्या तळाशी सोडायच्या, वरून झटकायच्या नाहीत. वरून पडले तर जिवांना लागेल म्हणून.

अशा घरात टाकी घाण राहील कशी? दर रविवारी जिनदत्त सगळं पाणी मोरीत ओतायचा, वाळू रगडून धुवायचा, मला ब्रशनं घासायचा आणि नळाचं औषधाच्या वासाचं ताजं पाणी काठोकाठ भरायचा. मी नव्यासारखा चमकायचो. आणि सोमवारी किंवा मंगळवारी एक मासा उताणा तरंगायचा.

ज्या दिवशी मासा मरायचा त्या दिवशी आक्का जेवायच्या नाहीत. बोलायच्या नाहीत, रागवायच्या नाहीत, ताट बाजूला सारायच्या. वय चौऱ्याहत्तर. आदल्याच वर्षी चक्कर येऊन अंगणात पडल्या होत्या. जिनदत्तला ते ताट टोचायचं. मग तो पुढच्या रविवारी टाकी आणखी कसून धुवायचा. ऐन उन्हाळा येईतो पंधरातले तीन मासे उरले, दोन लाल शेपटीचे नर आणि एक भुरकी मादी.

कारखान्यात त्याच्या शेजारच्या यंत्रावर लालासाहेब म्हणून नदीकाठचा गडी होता. जिनदत्तनं त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो हसायलाच लागला. "गड्या, आमच्या नदीला दर रविवारी कोण घासायला येतंय व्हय? तितं हिरवं असतंय, म्हणून मासं जगत्यात."

दुसऱ्या दिवशी त्यानं लुनावरून ओल्या पोत्यात नदीतल्या गवताची मोळी आणून दिली. पट्टीसारखी लांब, पातळ पाती. नदीच्या चिखलाचा वास घरभर सुटला आणि आक्का आतून बाहेर आल्या.

"हे काय आणलास?"

"झाडं हायत आक्का. माशांला बरी."

"हिरवं म्हंजे जीवच की रं. चतुर्दशीला आमी हिरवी भाजी चिरत न्हाई. आणि तू मारायला आणखी आणलास?" मग त्या थोडं थांबून म्हणाल्या, "भाद्रपदातल्या पर्वापातूर बघते. पर्वाच्या दहा दिवसांत ह्या टाकीत एक जरी जीव मेला, तर टाकी ह्या घरात न्हाई."

जिनदत्त हो म्हणाला. दुसरं म्हणणार काय? पर्व म्हणजे जैनांचे व्रताचे दिवस, त्या दहा दिवसांत आक्का एकवेळच जेवायच्या. मासा मेला असता तर तेही गेलं असतं.

आता ऐका या शहाण्यानं काय केलं. घराणं उसाचं. त्यानं वाळूत सऱ्या पाडल्या, ते गवत त्यात आडवं निजवलं आणि उसाच्या कांड्यांसारखं वरून झाकून टाकलं. टाकीत मीच तेवढा उभा. मी मनात म्हटलं, झालं, पाहुणे आले आणि पुरलेही गेले. चार दिवसांत पाणी चहासारखं झालं, पाती कुजायला लागली. लालासाहेब बघायला आला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"आरं बाबा, ह्यो ऊस न्हवं. मुळी तेवढी वाळूत घाल, मान भाईर ठेव. मान पुरलीस तर गुदमारतंय त्ये."

दोघांनी मिळून चाचपत सगळं उकरलं. धड अशी सात रोपं निघाली. ती उभी केली, पण ती माना टाकून पाण्यावर लोळत होती. रविवार उजाडला. जिनदत्तनं सवयीनं नळी लावली, बादली भरली आणि मोरीकडे निघाला.

"थांब," आक्का म्हणाल्या. त्यांच्या हातात गाळण्याचं फडकं होतं. "आता त्यात नदीचं आलंय. तसंच ओतायचं न्हाई."

त्यांनी बादली दुसऱ्या बादलीत गाळली आणि फडकं दारातल्या उन्हात धरलं. फडक्यावर तपकिरी गाळ होता, आणि त्यात मोहरीहून बारीक ठिपके उड्या मारत होते.

"हे कुठल्या पाण्यातलं?"

"टाकीतलं."

"मग टाकीत."

फडकं उलटं करून त्यांनी अलगद माझ्या शेजारी पाण्यात बुडवलं. पहिल्यांदाच त्यांचा हात टाकीत आला होता. जिनदत्तनं हिशेब केला, एकेक बादली अशी गाळत बसलं तर दुपार होईल. त्यानं एकच बादली काढली, तेवढंच नळाचं पाणी घातलं आणि नळी गुंडाळली. वाळू धुतली नाही. मला घासलं नाही. मला फार अपमान वाटला.

त्यानंतर दर रविवारी एकच बादली आणि आक्कांचं फडकं, असंच चाललं. सोमवार गेला, मंगळवार गेला. कोणी उताणं झालं नाही.

आणि मग मी जे पाहिलं ते कसं सांगू? एका मेल्यासारख्या रोपाच्या मध्यातून केसाएवढं हिरवं टोक वर आलं. दुसऱ्या दिवशी ते वाढलेलं होतं. कुणी ओढलं नव्हतं, साचा नव्हता, रंग कुणी दिला नव्हता. त्याचं त्यानं तो रंग कुठून आणला? मी दीड वर्ष दुकानात आणि चार महिने टाकीत होतो, तसूभरही वाढलो नव्हतो. पंधरा दिवसांनी त्याच रोपानं वाळूतून दोरीसारखा धागा सोडला आणि बोटभर अंतरावर तिथून दुसरं रोप उभं राहिलं. मी रात्रंदिवस तेच बघत राहिलो.

जूनमध्ये एका सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट टाकीत पडलं. थोड्या वेळानं प्रत्येक पातीच्या कडेनं बारीक बुडबुड्यांच्या माळा वर निघाल्या. ब्राह्मीला वाटलं पाणी उकळतंय. तिनं घाईनं बोट बुडवून पाहिलं. मग ती तिथेच बसली.

"अकरा वर्षं झाली, हे मी फळ्यावर काढते," ती म्हणाली. "सूर्यप्रकाश, बाण, पान, बाण, प्राणवायू. आज बघितलं."

त्या दिवशी तिला शाळेत उशीर झाला. आक्काही जपमाळ घेऊन खुर्ची ओढून बसल्या. "माशाला पाच इंद्रियं," त्या जिनदत्तला सांगू लागल्या, "माशीला चार, मुंगीला तीन, गोगलगाईला दोन. आणि झाडाला एकच, स्पर्शाचं. त्या एकावर बघ काय काय करतंय."

"आणि ह्याला?" जिनदत्तनं माझ्याकडे बोट केलं.

"त्याला काय न्हाई. त्यो जीवच न्हाई."

बरोबरच होतं ते. पण त्या सकाळी मला माझ्या चमकण्याची पहिल्यांदा लाज वाटली.

भाद्रपद आला. पर्व सुरू झालं. तोवर टाकीचा उजवा भाग गवतानं भरून गेला होता आणि ते गवत माझ्यापर्यंत पोचलं होतं. पाच दिवस नीट गेले. सहाव्या दिवशी आक्का मंदिरातून आल्या, एकवेळचं जेवण वाढून घेतलं आणि रोजच्यासारखे आधी मासे मोजले. दोनच भरले. भुरकी मादी नव्हती.

त्यांनी ताट सरकवलं. जिनदत्त टाकीसमोर गुडघ्यावर बसला. तळ बघितला, वर बघितलं. कुठे तरंगत नव्हती. मला ती दिसत होती, माझ्या मागेच होती, पण मला तोंड कुठलं?

"आक्का, दोन घास खा," ब्राह्मी म्हणाली.

"न्हाई."

जिनदत्त उठून आत गेला. त्यानं गोधडी आणली. ज्या गोधडीतून टाकी आणली होती तीच. मग शेवटचं म्हणून त्यानं हात पाण्यात घालून गवत हळूच बाजूला केलं आणि तसाच थबकला. गवताच्या दाटीत, मी आणि काच यांच्या मधल्या फटीत, भुरकी शांत उभी होती. आणि तिच्याभोवती पातींच्या आडून नुसते डोळेच डोळे बघत होते. डोळ्यांना चिकटलेलं अंग असं जेमतेमच होतं.

"आक्का," तो म्हणाला. "या की हिकडं."

आक्कांनी चष्मा काचेला लावला. बराच वेळ मोजत होत्या. अकरा पिलं भरली, मग तेरा, मग पुन्हा अकरा. त्यांनी मोजणं सोडलं आणि दोन्ही हात जोडले.

"ब्राह्मी," त्या म्हणाल्या, "ताट आण. गार झालं असंल तर ऱ्हाऊ दे, तसंच आण."

जिनदत्तनं गोधडीची घडी घालून आत ठेवली. पुन्हा ती निघाली नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. टाकीत आता एवढं गवत आहे की जिनदत्त मुठीनं काढून लालासाहेबाच्या हाती परत नदीला धाडतो. आक्कांचा तसा हुकूमच आहे.

गेल्या रविवारी माझी पाळी आली होती. "आता ह्याचं काय काम?" म्हणत जिनदत्तनं मला बाहेर काढलं. माझा पोपटी रंग कधीच गेलाय, अंगभर शेवाळ साचलंय. तो मला कचऱ्याच्या डब्याकडे नेत होता. आक्का आता फार हिंडत नाहीत, पण नजर तीच आहे. त्यांनी मला हातात घेतलं, उन्हात धरलं. माझ्या खालच्या पानाला काचेसारखा एक थेंब चिकटलेला होता आणि त्यात दहा-बारा बारीक ठिपके. नदीच्या गवताबरोबर आलेल्या गोगलगाईंची अंडी.

"हे कुठल्या पाण्यातलं?" त्यांनी विचारलं.

जिनदत्त हसला. मला अलगद परत कोपऱ्यात उभं केलं.

मला अजूनही एकही इंद्रिय नाही. पण त्या ठिपक्यांतला एक काल हलला, आणि तो माझ्या पानावर हलला. एवढीच विनंती आहे, मला आता घासू नका.