मास्तरच्या पायाखालचा ब्रेक

मास्तरचं डोकं ठिकाणावर नाही, असं त्याच्या आईचं मत होतं, आणि त्या घरात आईचं मत म्हणजे निकालच. केस पांढरे व्हायला लागलेला बाप्या, सकाळ-संध्याकाळ मागच्या खोलीत दार ओढून बसतो आणि खोटी गाडी खोट्या रस्त्यावर आडवी घसरवतो. वर विचारलं तर म्हणतो, "काम करतोय, आई."

"असलं काम मांजरही करतं," मालकीणबाई म्हणाल्या, "दोऱ्याचा गुंडा मिळाला की."

मालकीणबाई त्यांना सगळेच म्हणत. नवऱ्यामागे ड्रायव्हिंग स्कूल त्यांनीच चालवलं. स्वतः कधी स्टिअरिंगला बोट लावलं नाही, शाळाही अक्षरओळखीपुरतीच. पण कोणत्या गाडीचा क्लच जळतोय हे ऑफिसातल्या खुर्चीत बसून त्यांना वासावरून कळायचं. शिकवायचं काम थोरल्याचं, म्हणून तो मास्तर. आणि मास्तरच्या हाताखाली तयार झालेली पहिली बाई म्हणजे मालकीणबाईंच्या लेकीची लेक, भिंगरी. एका जागी म्हणून थांबायची नाही. बायकांचा वर्ग पुढे तीच सांभाळणार, हे आजीने चारचौघांत सांगूनही टाकलं होतं.

मग तो अपघात झाला. रस्ता ओला, गाडी जुनी, स्टिअरिंगवर भिंगरी, शेजारी मास्तर. वळणावर गाडी घसरली ती थेट भिंतीवर. भिंगरीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात पट्ट्यांत आवळलेली पोर म्हणाली होती, "आजी, मी फिरवलं होतं गं. पण स्टिअरिंग एकदम हलकं झालं. गाडी ऐकेचना."

"स्टिअरिंग कशाला हलकं होतंय? तुझं डोकं हलकं," आजी म्हणाल्या होत्या. नर्सबाई हसली होती, त्यामुळे ते वाक्य त्यांना पुढे बरेच दिवस आवडलं होतं.

हाड जुळलं. भिंगरी मात्र टेबलामागे बसली ती बसलीच. फोन घ्यायची, वेळा द्यायची, पण गाडीत बसायची वेळ आली की मागच्या सीटवर. मास्तरनेही शिकवायच्या गाडीत पाय ठेवला नव्हता. म्हणे नव्या पोरांना आधी खोलीतच सराव द्यायचा, रस्ता नंतर. त्यासाठी सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर गाडी चालवायचं यंत्र. विक्रेत्याने तीन नमुने पाहायला ठेवले होते, आणि आज तो उत्तर घ्यायला येणार होता. निवडायचं मास्तरने, पैसे मोजायचे मालकीणबाईंनी.

दुपारी मास्तर पाणी प्यायला बाहेर आला. भिंगरीने मान वर न करताच विचारलं, "मामा, हा सगळा खर्च माझ्यामुळेच ना? मी नीट वळवलं असतं तर..."

मास्तरने पेला खाली ठेवला. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "जाऊ दे बाळा. मी कधीच माफ केलंय तुला."

मालकीणबाईंना बरं वाटलं. पोरगा वेडा असेल, पण मनाने मोठा आहे. मग तो पाणी अर्धंच टाकून आत गेला, आणि त्यांना ते काही पटलं नाही. पेल्यात पाणी उरवायची सवय त्यांनी त्याला लावली नव्हती. त्या मागोमाग उठल्या.

"दाखव. पैसे माझे आहेत. नुसतं बघून मी भाजीही घेत नाही."

मास्तरने दाखवलं. पहिलं यंत्र टेबलाला चिमट्याने अडकवायचं. "स्वस्त आहे. पण हाताला काही लागत नाही. गाडी चालवतोय की होडी, कळत नाही." मधल्याची किंमत झेपण्यासारखी. "आणि ड्रिफ्टिंगला याचा हात कुणी धरणार नाही. लोण्यावरून जावी तशी गाडी आडवी जाते, आणि वेळ आली की आपली आपण सावरते. पोरं खूश होतील." तिसरं सीटसकट, चांगलंच महाग. "हे खऱ्या गाडीसारखं. स्टिअरिंग हाताशी भांडतं. पण नवशिक्यांना घाबरवतं. आपल्याला मधलंच बरं."

"नवशिक्यांना घाबरवतं, की कुणाला?" मालकीणबाईंनी सहज विचारलं, पण मास्तरचा चेहरा पाहून त्यांचं सहजपण तिथेच संपलं.

त्यांनी खाली पाहिलं. तिन्ही यंत्रांची पायाने दाबायची खोकी स्टिअरिंगखाली नव्हतीच. बाजूला एक प्लास्टिकचं स्टूल होतं, त्याच्यापुढे होती. म्हणजे चालवणाऱ्याच्या नाही, शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी, शिकवायच्या गाडीत मास्तरचा वेगळा ब्रेक असतो तशी.

"ही तिकडे का?"

"वायर आखूड आहे."

वायरचं वेटोळं जमिनीवर लोळत होतं. मालकीणबाईंनी ते पाहिलं, मास्तरनेही पाहिलं.

"सरक," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून मधल्या यंत्रापुढे बसल्या. "तू बस तुझ्या स्टुलावर. मी वळवते."

"आई, तुला कुठे..."

"शिकव ना. मास्तर आहेस."

पडद्यावर रस्ता आला. ओला, उतरता, पुढे वळण, वळणापाशी भिंत. मालकीणबाई मोडकी गाडी बघायला गेल्या होत्या तेव्हा असंच एक वळण त्यांनी पाहिलं होतं. मास्तरने गाडी सोडली. वळणावर ती घसरली, त्याने ब्रेक दाबला, गाडी सावरली. पुन्हा गेली, पुन्हा घसरली, या खेपेला त्याने पाय उचलून धरला, तरीही सावरली. यंत्र कुणालाच बोल लावत नव्हतं.

"गोड आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "आता ते भांडखोर."

तिसऱ्या यंत्राच्या सीटवर त्या बसल्या आणि स्टिअरिंगने खरंच हात ओढले. गाडी निघाली. "घसरेल तिकडेच फिरव," मास्तर पुटपुटला. घसरली. त्यांनी फिरवलं. त्याच क्षणी मास्तरचा पाय ब्रेकवर गच्च दाबला गेला, आणि त्यांच्या हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं झालं. भरलेला हंडा समजून उचलावा आणि तो रिकामा निघावा, तसं. त्या फिरवत राहिल्या, गाडी मात्र सरळ भिंतीत गेली.

मालकीणबाईंनी चटका बसल्यासारखे हात काढून घेतले. बराच वेळ मांडीवर ठेवून त्या तळव्यांकडे बघत राहिल्या. दवाखान्यात त्यांनी केलेला विनोद त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आला.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. "पाय उचलून."

मास्तर हलला नाही.

"पाय उचल म्हटलं ना."

आधी दोनदा गाडी गिरकी घेऊन भलतीकडेच तोंड करून थांबली. नंतर मात्र तिने शेपूट हलवल्यासारखं केलं, डुलली, आणि जन्मात गाडी न चालवलेल्या बाईच्या हातात सरळ झाली.



"तिने बरोबर फिरवलं होतं, आई," मास्तर स्टुलावरूनच म्हणाला. "मीच शिकवलं होतं तसं. पण मी घाबरलो. माझा पाय गेला. चाकंच अडकली, मग स्टिअरिंग काय करणार? तेव्हा वाटलं, न दाबता तरी काय झालं असतं, आदळलीच असती. म्हणून बघत होतो रोज. कदाचित..."

"आणि पाय उचलला की सावरते, हे कळलं तेव्हा?"

तो मधल्या यंत्राकडे बघत राहिला. ते अजून चालू होतं. पडद्यावर गाडी वळणाअलीकडे गुमान उभी होती.

दार वाजलं. "मामा," बाहेरून भिंगरीने हाक मारली, "यंत्रवाले काका आलेत. काय सांगू?"

मास्तर उठला. "आई, तिला मी नंतर... शांतपणे सांगतो. परक्या माणसासमोर नको."

मालकीणबाई सीटवरून उठल्या नाहीत. आवाज मात्र त्यांनी नेहमीपेक्षा खाली आणला, आणि तो खाली आला की मास्तर लहानपणापासून भिंतीला टेकून उभा राहायचा. आजही तसाच राहिला.

"मधलं परत जाईल. हे महागाचं राहील, आणि यावर पहिली बसेल ती भिंगरी. शेजारी तू, पाय तुझा, आणि तिला दाखवायचं तो काय करतो ते. माफ केलं म्हणे! माफी मागायची होती तू रे, आणि तू देत फिरलास. तिने दोष घेतला तो सगळ्यांसमोर, मग तुझं सांगणं एकांतात कशाला? उघड दार. आणि तुझं बोलून झालं की बाजूला हो, तिच्याकडे माझंही माफीचं मागणं आहे."