पिकअपखालचा पुठ्ठा

पुठ्ठ्यावर तेवीस ठिपके होते. सतरा इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथं गिअरबॉक्स जोडलेला असतो तिथं. पाच उजव्या चाकाजवळ. एक सगळ्यांपासून लांब, तो बहुधा गाडी लावताना पडला असावा. सगळ्यात मोठ्या ठिपक्याचा व्यास चौतीस मिलिमीटर भरला. पुठ्ठा फ्रिजच्या खोक्याचा होता. संध्याकाळी गाडीखाली सरकवायचा आणि सकाळी ओढून बघायचा, असं मी ठरवलं होतं.

पिकअप अप्पांची. उदगीरच्या मोंढ्यात तुरीची, हरभऱ्याची पोती भरायची आणि नळेगावमार्गे लातूरच्या डाळमिलांत उतरवायची, हेच काम माझे वडील माणिकप्पा मला कळतं तेव्हापासून करत आलेत. दिवाळीनंतर गाडी तेल गाळायला लागली. एका मिलच्या नव्या फरशीवर डाग पडले आणि मिलवाल्यानं थेट माझ्या भावाला फोन केला. शिवकुमारदादा लातूरलाच क्लासमध्ये शिकवतो. तो रविवारी उदगीरला आला, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "अप्पा, आता विकून टाका. लई झालं."

"गाडी?"

"गाडीच. आणि तुम्ही पण बसा आता घरी."

"दोघांचा भाव एकदमच काढलास व्हय?" अप्पा हसले. पण आपला कप त्यांनी उचलला नाही.

"गळती थांबली तर?" मी विचारलं.

"थांबली तर चालवू दे. तू शोध की. एमएस्सी झालीस ती काय नुसती फ्रेम लावायला?"

म्हणून पुठ्ठा. गळती थांबली तर अप्पा गाडी चालवणार होते, नाही थांबली तर नाही. मला एवढंच करायचं होतं.

ग्यानोबा मिस्त्रींनी इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, टॅपेट कव्हरचं, पॅकिंग बदललं. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बाहेर काढली, तिला तेल लागलेलं बघितलं आणि "तेल भरपूर हाय" म्हणून परत खोचली. दोन दिवस ठिपके कमी झाले, मग पुन्हा तेवढेच. "आता मागचं सील म्हणावं लागंल," ते म्हणाले. "इंजिन उतरावं लागतंय त्याला. पण ताई, म्हातारं इंजिन हाय. थोडं रडणारच."

मी इंजिन डिझेलनं धुतलं, वाळू दिलं आणि वर अव्वाची, म्हणजे माझ्या आईची, तोंडाला लावायची पावडर फुंकली. अव्वा दारातून बघत होती. "इंजिनाचं लगीन हाय का?" तिनं विचारलं. मग इंजिन चालू ठेवलं. पांढऱ्या पावडरीवर तेल जिथून सुटतं तिथं काळा ओघळ उमटतो. एका जागी उमटेल असं वाटलं होतं. तीन जागी उमटला: कव्हरखाली, मागच्या सीलजवळ आणि हवेच्या नळीच्या तोंडाशी. तीन जागा एकाच वेळी खराब होत नाहीत. आतून दाब वाढत असणार.

मग मी डिपस्टिक नीट बघितली. गाडी सपाटीवर, इंजिन थंड, पट्टी दोनदा पुसून. तेल वरच्या खुणेच्या बारा मिलिमीटर वर होतं. चार दिवसांनी पंधरा. डिझेल मिसळत असेल तर तेल पातळ होतं, त्याला वास येतो. बोटांवर घेऊन बघितलं. दाट होतं, वास नव्हता. खालून गळत असताना वरची पातळी वाढत होती, म्हणजे कुणीतरी ओतत होतं, आणि त्या जास्तीच्या तेलानंच आत दाब वाढत होता.

ओतणारे कोण हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अप्पांचा रोजचा नेमच तो. लिंगपूजा झाली की विभूतीची बोटं तशीच घेऊन ते बाहेर येत, बॉनेटवर तीन आडव्या रेघा ओढत आणि इंजिनात वाटीभर तेल घालत. लातूरला जाऊन येईपर्यंत जुनं इंजिन तेवढं खातं. डिपस्टिक बघायची त्यांना कधी गरज पडली नाही. हिशोब बरोबर होता, मग तेल वाढतंय कसं?

सकाळी मी चहा घेऊन पायरीवर बसले. अप्पा आले, रेघा ओढल्या, वाटी ओतली, आत गेले. आतून अव्वाचा आवाज आला, चहा झाला म्हणून. थोड्या वेळानं अप्पा पुन्हा बाहेर आले. बोटांवर ताजी विभूती. आधीच्या रेघांच्या वर त्यांनी तितक्याच नीट तीन रेघा ओढल्या, डोळे मिटून हात जोडले, डबा उचलून वाटी भरली आणि इंजिनात ओतली. माझ्याकडे बघून हसले आणि आत गेले.

मग अव्वा आली. हातात ओलं फडकं. तिनं खालच्या तीन रेघा पुसल्या.

"अव्वा, काय करालालीस?"

"धूळ पुसते."

"तीनच रेघांवर धूळ?"

ती माझ्याशेजारी बसली. फडकं पिळत राहिली, त्यातून पाणी निघत नव्हतं तरी.

"पोळ्यापासून चाललंय," ती म्हणाली. "पयल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याची भक्ती वाढली. मग एकदा जेवून उठले आणि लगेच ताट मागितलं."

"आणि तेल?"

"तेलाचं मला काय ठाऊक? मला रेघा दिसल्या, मी रेघा पुसल्या." मग हळू म्हणाली, "दादाला सांगू नको गं. गाडी गेली तर ह्या माणसानं सकाळी उठून करायचं काय?"

जास्तीचं तेल काढायचं, डबा माझ्याकडे ठेवायचा, सकाळी मीच वाटी घालायची, एवढ्यानं गळती थांबली असती. दादानं अट घातली होती ती गळतीची. ती पूर्ण झाली असती आणि अप्पा सोमवारी पोती भरून लातूरला निघाले असते.

मी गाडीखाली शिरले, नट सैल केला आणि तेल मापाच्या भांड्यात धरलं. बाहेर आले तेव्हा अप्पा उभे होते.

"किती निघालं?"

"एक लिटर आठशे."

"एवढं कुणी घातलं?"

मी भांडं खाली ठेवलं. त्यांनी भांड्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग बॉनेटकडे. खालच्या बाजूला ओल्या फडक्याचा डाग अजून वाळला नव्हता. अव्वा आत निघून गेली.

"दोनदा घालतो व्हय मी?"

"हाव, अप्पा."

ते चाकाला टेकून उकिडवे बसले. "परवा नळेगावच्या फाट्यावर थांबलो होतो," ते म्हणाले. "कुठं जायचं ते आठवंना. मागचे गाडीवाले हॉर्न मारून राहिले. मग उतरून पोती बघितली. तूर होती. तूर म्हणजे लातूर. म्हणून गेलो."

"कुणाला सांगितलं का न्हाई?"

"पोचलो की मी." थोड्या वेळानं त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तेलकट हातात ठेवली. "शिवकुमारला सांग, गळती सापडली. गाडी विकायची न्हाई. पोती न्यायला कुणी चांगला ड्रायव्हर बघू."

"आणि तुम्ही?"

"मी बसतो की. माझा भाव त्यानं कवाच काढलाय."

किल्ली आणि तेलाचा डबा मी माझ्या कपाटात ठेवला. अव्वानं फडकं पुन्हा हातात घेतलं नाही.

पुढच्या रविवारी दादा आला. गाडी आठवडाभर जागची हलली नव्हती. तो म्हणाला, "इंजिन चालू करून बघायचं. उभ्या गाडीचं काय खरं?" तासभर इंजिन चालवलं, मग बंद करून थंड होऊ दिलं. दोघांनी वाकून पुठ्ठा बाहेर ओढला.

पुठ्ठ्यावर ठिपके शून्य. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या दोन मिलिमीटर खाली. बॉनेटवर त्याच दिवशी सकाळी ओढलेल्या रेघा नऊ.