वेल्टनचं मत

नोरीन हॅगर्टी आमच्या गावची जनावरांची डॉक्टर. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं वासरू ओढून काढणारी बाई. नगर परिषदेच्या बैठकीत कुणी आवाज चढवला तरी तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. परिषदेवर नगराध्यक्ष लुपे अराम्बुला धरून आम्ही पाच जण होतो. माझं औषधांचं दुकान आहे. खोऱ्यातल्या पाच गावांचं मिळून जे अग्निशमन मंडळ आहे, त्यावर नोरीन वेल्टनची प्रतिनिधी होती आणि मी तिचा पर्यायी, म्हणजे ती आजारी पडली तर तिच्या खुर्चीत बसायचं. ती कधी आजारी पडली नाही.

प्रतिनिधीने अशा मंडळावर मत कसं द्यायचं, याचा नियम आमच्याकडे तिनेच आणला होता. त्याला कारण वेंडेल स्ट्रूप. वेंडेल म्हातारा, लाकडाच्या वखारीतून निवृत्त झालेला, परिषदेवर सगळ्यांत जुना. कचऱ्याच्या मंडळावर तो आमचा प्रतिनिधी असताना त्याने कुणाला न विचारता होकार देऊन टाकला आणि पाचही गावांचा कचरा उतरवायची जागा आमच्या शाळेच्या मागे आली. आम्हाला ते कळलं तेव्हा ट्रक यायला लागले होते.

नोरीनने मग नियम लिहिला. प्रतिनिधी स्वतःचं मत घेऊन जात नाही, गावाचं घेऊन जातो. परिषदेने जे ठरवलं असेल तेच मत द्यायचं. मोडलं, तर पुढच्याच बैठकीत त्याला काढण्याचा ठराव यायलाच हवा. पहिला ठराव वेंडेलवरच आला आणि त्याचं प्रतिनिधीपद गेलं. त्यानंतर तो दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला यायचा, पण नोरीन आत असेल तर बाहेर गाडीत बसून राहायचा.

ही गोष्ट त्यानंतर दोन वर्षांनी घडली.

मंडळाकडे माणसं कमी पडत होती. प्रस्ताव असा होता, की डोंगरातल्या सीडर गॅपचं ठाणं बंद करायचं आणि तिथला बंब नि माणसं वेल्टनला आणायची. आमचं ठाणं शनिवार-रविवार रिकामं असायचं, सगळा भार स्वयंसेवकांवर. वसंतात एका रविवारी टॉड फेनचं पशुखाद्याचं दुकान जळून खाक झालं. स्वयंसेवक बेसबॉलच्या सामन्याला गेले होते. टॉड स्वतः परिषदेवर होता. त्यामुळे आमचा ठराव पाच विरुद्ध शून्य झाला. नोरीनने होकार द्यायचा. तिनेही हात वर केला होता.

सीडर गॅप इतकं लहान, की त्याला स्वतःची परिषद नाही, आणि म्हणून मंडळावर खुर्चीही नाही.

मंडळाची बैठक जिल्ह्याच्या गावी भरली. मी मागे लोकांत बसलो होतो. सीडर गॅपमधून सातआठ माणसं आली होती. त्यांच्यातली इडा बोर्डन, तिथलं टपालाचं काम बघणारी उंच बाई, बोलायला उभी राहिली. लोकांना तीन मिनिटं मिळतात. तिने पूर्ण वापरली नाहीत.

"तुम्हा पाच जणांपैकी आमच्या गावात कधी कोण आलंय, हात वर करा," ती म्हणाली. कुणी हात वर केला नाही. "ठीक आहे. एवढंच दाखवायचं होतं." आणि ती बसली.

मग अग्निशमन प्रमुख ओलिव्हेरा उभे राहिले. साधा, कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "मतदानाआधी एक सांगायला हवं. मला आज दुपारीच कळलं. ड्राय फोर्क ओढ्यावरचा पूल राज्याच्या लोकांनी तपासला. खांब खचलाय. आजपासून त्यावरून जड गाडी न्यायची नाही. छोट्या गाड्या जातील, भरलेला बंब जाणार नाही."

"दुरुस्ती कधी?" अध्यक्ष कार्व्हर नीलँडनी विचारलं.

"पुढच्या उन्हाळ्याच्या आत नाही."

"मग वेल्टनहून सीडर गॅपला बंब कसा जाणार?" हे नोरीनने विचारलं.

"डोंगराला वळसा घालून. तासाच्या वर लागेल. रस्त्यात लाकडाचे ट्रक नसतील तर."

वेल्टनहून सीडर गॅपला जायचा सरळ रस्ता त्याच पुलावरून आहे, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. आणि तो जून महिना होता. डोंगरावरचं गवत आताच वाळून पिवळं पडलं होतं.

नोरीन म्हणाली, "मी सुचवते की हा विषय दोन आठवडे पुढे ढकलावा. आमच्या परिषदेला ही माहिती नव्हती. मला विचारून यायचंय."

"उन्हाळ्याची व्यवस्था राज्याला उद्या कळवायची आहे, नोरीन," नीलँड म्हणाले. "पुढे ढकलणं म्हणजे प्रस्ताव मारणंच आहे. तुझ्या सूचनेला कुणाचा पाठिंबा?"

कुणाचाच नव्हता. नीलँडनी दहा मिनिटांची सुट्टी दिली.

ती सरळ बाहेर गाड्यांच्या जागेत गेली आणि मी तिच्या मागे गेलो. ऊन कलतं होतं तरी डांबर तापलेलं होतं.

"दोघं होकार देणार, दोघं नकार," ती म्हणाली. "मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघून घेतलंय. माझं नाव शेवटी येतं."

"मग तटस्थ राहा."

"बरोबरी झाली तर प्रस्ताव पडतो, डेल. तटस्थ राहणं म्हणजे नकारच, फक्त तोंड लपवून दिलेला."

माझा फोन वाजायला लागला. वेंडेल होता. कुठून तरी पुलाचं त्याच्या कानावर गेलं असणार. मी फोन तसाच वाजू दिला. आमच्याकडे कायदा आहे, पाचांतल्या तिघांनी मिळून परिषदेचा कुठलाही विषय बैठकीबाहेर बोलायचा नाही, फोनवरसुद्धा. दोघं बोललो तर चालतं. मी तो उचलला असता तर आम्ही तिघं झालो असतो.

"वेंडेल?" तिने विचारलं.

"हो."

"त्यांना बरं वाटेल. मीच खणलेल्या खड्ड्यात मी उभी आहे."

"पण परिषदेतल्यांना आज विचारलं तर काय म्हणतील असं वाटतं तुला?" मी म्हणालो. "पुलाचं ऐकल्यावर ते बदलतील."

"टॉड बदलणार नाही. लुपेचं सांगता येत नाही. वेंडेल काय करतील देव जाणे. आणि 'त्यांना असंच वाटलं असतं' असं मीच ठरवायचं, तर वेंडेलनी दुसरं काय केलं होतं? त्यांनाही वाटलंच होतं की गावाला चालेल."

फोन थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मी म्हणालो, "हे बघ, तुला बरं वाटत नाही असं सांग. मी बसतो तुझ्या जागी."

ती माझ्याकडे वळली. "आणि मत काय देशील?"

"जे ठरलंय ते. होकार."

"मग नको," ती म्हणाली आणि आत गेली.

नावं पुकारली गेली. होकार. नकार. नकार. होकार. तिने हिशेब बरोबर केला होता. चिटणीस बाईंनी वेल्टन म्हटलं आणि नोरीनने समोरचा माइक जवळ ओढला. तो फार जवळ आला म्हणून पुन्हा मागे सारला. मी तिला ऐन थंडीत अर्धमेल्या घोड्याची शस्त्रक्रिया करताना पाहिलंय, तेव्हा तिने एकही हालचाल दोनदा केली नव्हती.

"नोंद करा," ती म्हणाली. "वेल्टनच्या परिषदेने मला होकार द्यायला सांगितलेलं आहे. एकमताने. त्यात मीही होते. त्या वेळी पुलाचं कुणालाच माहीत नव्हतं. आज माहीत असतं तर परिषद काय म्हणाली असती, ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचा आव मी आणत नाही. मी नियम मोडतेय. माझं मत नकार."

सीडर गॅपच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. इडा बोर्डनने दोन्ही हातांनी समोरची खुर्ची घट्ट धरली होती, ती तशीच बसून राहिली.

परत येताना गाडीत नोरीन एकदाच बोलली. "काढण्याचा ठराव मीच मांडणार आहे. टॉडला मांडायला लावायचं नाही."

पुढच्या मंगळवारपर्यंत माझ्या दुकानात दुसरा विषय नव्हता. "तुमची डॉक्टरीणबाई आता डोंगरातल्या हरणांना तपासायला जाणार का?" असं एकाने विचारलं. दुसरी बाई म्हणाली, "आमच्या घराला आता रविवारी पेटू नको, मंगळवारी पेट, असं सांगू का?" लोक हसले. मीही हसलो असेन.

मंगळवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. नगराध्यक्ष लुपे अराम्बुलाने ठराव वाचला. नोरीन मंचावरून उतरून लोकांत जाऊन बसली, स्वतःच्या विषयावर मत द्यायचं नाही म्हणून.

टॉड फेन उभा राहूनच बोलला. "माझं दुकान जळालं तेव्हा सगळे पूल शाबूत होते. तरी बंब आला नाही. त्या रविवारी आतमध्ये कुणी नव्हतं, हे माझं नशीब. नोरीन, तू माझ्या म्हाताऱ्या कुत्रीला शेवटची सुई दिलीस तेव्हा माझ्याबरोबर रडली होतीस. म्हणून मला हे बोलायला जड जातंय. पण गावाने तुला एक काम सांगितलं होतं आणि तू दुसऱ्या गावाचं करून आलीस."

"हो," नोरीन खालून म्हणाली.

"मग झालं तर."

टॉडने ठरावाला होकार दिला. मी नकार दिला. लुपेने हातातला कागद खाली ठेवला. "मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं," ती म्हणाली. "पण नियम सगळ्यांना सारखा. होकार."

राहिला वेंडेल. त्याने नकार दिला तर बरोबरी होऊन ती वाचणार होती. तो म्हातारा काय म्हणतो ते ऐकायला मागची माणसं पुढे सरकली. दोन वर्षं तो या क्षणाची वाट बघत असणार, असं मलाही वाटत होतं.

"होकार," वेंडेल म्हणाला. बस एवढंच.

नोरीनचं प्रतिनिधीपद गेलं. ती मंचावर येऊन पुन्हा आपल्या खुर्चीत बसली, कारण परिषदेवर ती अजून होतीच.

टॉडने लगेच दुसरा ठराव टाकला. आता प्रतिनिधी डेल. राज्याने अजून ठाण्यांची यादी पक्की केलेली नाही. डेलने मंडळाकडे जाऊन विषय पुन्हा उघडावा आणि आपलं मत होकारात बदलावं.

"मला बोलायचंय," वेंडेल म्हणाला. तो उठला, त्याला वेळ लागला. "काल मी वखारीचा जुना ट्रक काढला आणि ड्राय फोर्कला गेलो. पुलावर राज्याचा माणूस उभा आहे. म्हणाला, आजोबा, ट्रक मागे घ्या. मी म्हटलं, रिकामा आहे. म्हणाला, रिकामाही नको. मग मी खाली उतरून खांब बघितला. आयुष्यभर लाकूड आणि ओझं बघितलंय मी. त्याच्यावरून मी माझी सायकल नेणार नाही."

कुणी तरी हसलं. वेंडेलने तिकडे पाहिलं नाही.

"मला काढलंत तेव्हा बरोबरच काढलंत. आज हिलाही बरोबरच काढलं. पण मी परत येऊन गप्प बसलो होतो, हिने तिथल्या तिथे सांगून टाकलं. तिला काढायचं म्हणून तिचं मतही फिरवायचं, हे मला पटत नाही. त्या लोकांकडे बंब जाऊ शकत नाही, टॉड. हे मी डोळ्यांनी बघून आलोय. माझा नकार."

टॉडच्या ठरावाला टॉडचाच होकार पडला. सीडर गॅपचं ठाणं राहिलं.

बैठक संपल्यावर मला वाटलं, दोघं बोलतील. वेंडेलने टोपी घातली, नोरीनच्या खुर्चीमागून जाताना थांबला आणि म्हणाला, "मी फोन करत होतो त्या दिवशी. पूल गेला म्हणजे बंबही गेला, एवढं तुला सांगायला डेलला म्हणणार होतो. डेलने उचलला नाही."

"उचलायला नकोच होता," नोरीन म्हणाली.

"नकोच होता," वेंडेल म्हणाला आणि गेला.

पुढे लुपेने नियमात दुरुस्ती आणली. ठरावानंतर मोठी नवी गोष्ट कळली, तर प्रतिनिधीने आधी मुदत मागावी, नाही मिळाली तर स्वतःच्या बुद्धीने मत द्यावं आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर कारण सांगावं. दुरुस्ती मंजूर झाली, पण नोरीनने विरोधात मत दिलं. मी तिला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "ज्याला मोडायचाय त्याला दर वेळी नवी गोष्ट सापडेल. मोडणाऱ्याला थोडी भीती वाटलीच पाहिजे. मला वाटली होती."

त्या उन्हाळ्यात सीडर गॅपला कुठेच आग लागली नाही. आग लागली ती वेल्टनमध्ये, ऑगस्टच्या एका रविवारी, मर्ना केलॉगच्या स्वयंपाकघरात. स्वयंसेवक पोचेपर्यंत मागची पडवी आणि अर्धं छप्पर गेलं. माणसं सगळी बाहेर होती. कुत्रा आत राहिला होता, त्याला मर्नाच्या मुलाने खिडकीतून ओढून काढलं.

नोरीनने मला फोन करून भाजल्यावरचं मलम मागवलं, तिच्याकडचं संपलं होतं. मी घेऊन गेलो तेव्हा ती अंगणातल्या गवतावर गुडघे टेकून कुत्र्याच्या पाठीवरचे जळके केस कात्रीने कापत होती. मर्ना शेजारी उभी होती, अंगावर कुणाचा तरी मोठा शर्ट. मागून धूर येतच होता. रस्त्यावरचे शेजारी आमच्याकडे बघत होते आणि त्यांच्या मनात काय आहे हे नोरीनला कळत होतं. तिची मान वर होत नव्हती.

मर्नाने विचारलं, "वरच्या गावात काही झालं का यंदा?"

"नाही," नोरीन म्हणाली.

मर्नाने घराकडे पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली, आणि कुत्र्याचं डोकं धरायला खाली बसली.