हरणाबाईची दुपारची झोप

लोहाऱ्यात गफारभाईंच्या दुकानाच्या माडीवर त्यांच्या लेकीनं, तहरीमनं, पाटी लावली : ‘निसर्गस्नेही गृहसजावट. प्लास्टिक नाही, फसवणूक नाही.’ दोन महिने पाटीचा शब्द न् शब्द खरा ठरला. गिऱ्हाईकच आलं नाही, तर फसवणार कुणाला?

अब्बा म्हणाले, “दिवाळीपर्यंत बघू. न्हाय जमलं तर सोलापूरला मामूंच्या दुकानात प्लास्टिकची फुलं विकायची.”

तहरीमला ती फुलं स्वप्नात दिसू लागली. त्यांच्यावरच्या धुळीसकट.

अशात सास्तूरहून बलभीमकाका आले. त्यांची आई हरणाबाई त्र्याण्णवच्या भूकंपापासून छताखाली झोपलीच नव्हती. नवं घर मिळून जमाना झाला, म्हातारी आपली अंगणात. पाऊस आला की बैलगाडीखाली. गाडी पडून पडून पडणार किती, असा तिचा हिशेब.

“आई एक दुपार हॉलमधी झोपू दे,” बलभीमकाका म्हणाले, “माझ्या तिन्ही मेव्हण्यांची घरं सजवायचं काम तुलाच.”

तहरीम महिनाभर राबली. भिंतींना चुना, त्यावर बांबूचे तट्टे, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, अंबाडीच्या दोरीची बाज. एक भिंत कडब्यानं सजवली. तिला पहिली दाद काकांच्या गाईनं दारातून मान घालून दिली. हातभर भिंत खाल्ली. तहरीमनं कडबा गाईच्या मानेच्या वर सरकवला आणि वहीत लिहिलं, ‘स्थानिकांच्या गरजेनुसार बदल.’

ठरल्या दुपारी सगळी गल्ली खिडक्यांना लागली. काका कुजबुजले, “तिनं विचारलं तर सांग, वरचा स्लॅब थर्माकोलचा हाय म्हणून.”

“काका, पाटीवर काय लिहिलंय?”

“पाटी लोहाऱ्यात हाय. आपण सास्तुरात हौत.”

हरणाबाई काठी टेकत आत आली. पडद्याचा वास घेतला, बाजेची दोरी दाबून पाहिली, बसली. चक्क आडवी झाली. म्हातारीची नजर वर गेली.

“पोरी, हे पडंल का गं?”

एका बाजूला तीन मेव्हणे, दुसऱ्या बाजूला धूळ खाणारे गुलाब. तहरीम बाजेशेजारी उकिडवी बसली. “आज्जी, बांधकाम मजबूत आहे. सहसा पडणार नाही. पण कधीच पडणार नाही, असं मी कसं सांगू?”

हरणाबाई उठून बसली. “इतकी वर्सं इंजिनेर आले, सायेब आले, ह्यो माझा ल्योक. समदे म्हणले, पडत न्हाय. खरं बोलणारी तू पयली.” मग लेकाकडं वळून, “बलभीम, बाज उचल. लिंबाखाली घे. ते पडदे बी.”

चार वाजेतो सगळी सजावट अंगणात होती आणि हरणाबाई घोरत होती. भोवती गावातली म्हातारी माणसं बाज दाबून बघत होती. शेजारची सखूबाई म्हणाली, “मला बी असलंच अंगण पायजे.” तिच्यामागं आणखी दहा जण. तहरीमनं वहीत अकरा नावं लिहिली. सगळं काम घराबाहेरचं, पण तिनं तक्रार केली नाही.

मेव्हण्यांचा विषय काकांनी मिटवला. “अट म्हंजे अट. आई झोपली, पण हॉलमधी न्हाय.” एवढं बोलून ते रिकाम्या हॉलमध्ये सतरंजीवर पाय ताणून पडले.

पाच मिनिटांत सतरंजी काखेत मारून बाहेर आले.

“काय झालं काका?”

“काय न्हाय,” मागं छताकडं बघत काका म्हणाले, “बारावं नाव माझं लिही.”